टिंबं

पासवर्डाच्या चौकटीत टिंबं आपोआप पडत होती. एकामागून एक, न थांबता. अशफाकने कीबोर्डावरचे हात उचलून मांडीवर ठेवले, तरी पडतच राहिली.

"बघितलं?" रोहिणी म्हणाली. "कुणी काय दाबलंय का?"

अशफाकने माऊस हलवला. बाण जरासा सरकला, अडखळला आणि गप्प बसला. त्याने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. सुरुवातीला सगळं शहाण्यासारखं चाललं. पासवर्ड मागायची वेळ आली आणि पुन्हा तेच. पासवर्ड रोहिणीला पाठ होता, पण तो टाकायला जागा तर मिळायला हवी!

परळीत मशीन बिघडलं की आधी थर्मलच्या राखेला शिव्या घालायच्या. इथली राख बंद कपाटातल्या साड्यांत शिरते, तिला कॉम्प्युटरचं काय कौतुक! अशफाकने पेटी उघडली, ब्रशने राख झाडली. रोहिणीचा नवा कीबोर्ड काढून आपल्या रिपेअरिंगच्या दुकानातून आणलेला जोडला. टिंबं पडली. मग तोही काढला. आता मशीनला कीबोर्डच नव्हता. टिंबं पडतच होती.

अशफाकच्या अंगावर काटा आला. हे मशीन त्यानेच रोहिणीच्या नवऱ्याला, सिद्धारामला जोडून दिलं होतं. घराच्या या पुढच्या गाळ्यात, याच खुर्चीत बसून सिद्धाराम लोकांचे पीकविम्याचे फॉर्म भरायचा आणि अशफाक दिसला की ओरडायचा, "चहा तुझ्याकडं हाय बे आज." पावसाळ्याच्या तोंडी राख वाहणाऱ्या हायवा ट्रकने त्याची मोटरसायकल चिरडली. तेव्हापासून अशफाक या दुकानासमोरून मान खाली घालूनच जायचा.

"कावून छेडतो त्याला?" मागून आवाज आला. सिद्धारामची आई, गंगासागर, देवघराच्या पडद्याजवळ स्टुलावर बसल्या होत्या. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या इथेच बसायच्या. टिंबांकडे बघत, जेवलास का, असं हळूच विचारायच्या. "त्याचं काम ऱ्हायलंय. करू दे त्याला."

सिद्धारामचे वडील, विरुपाक्षकाका, दारात उभे होते. ते आत यायला तयार नव्हते.

"अशफाक, आज न्हाई झालं तर गाळा मसालेवाल्याला देतो. सकाळी येतोय तो. सुनेनं भुताशेजारी बसून दुकान चालवायचं का? त्यापरीस माहेरी जाऊ दे तिला."

रोहिणीचं माहेर म्हणजे शिरूर कासारला भावाच्या दोन खोल्या. तिला तिथे जायचं नव्हतं. सिद्धारामने तिला शेजारी बसवून एकेक फॉर्म शिकवला होता. हे दुकान तिला चालवता येत होतं आणि तिला तेच करायचं होतं. दसऱ्याला माहेरी काय गेली, परत येऊन बघते तर हे सुरू झालेलं.

अशफाकने शेवटचा उपाय म्हणून पेटी भिंतीपासून ओढली. मागच्या बाजूला, राखेने माखलेलं, नखाएवढं काहीतरी खोचलेलं होतं. त्याने ते फुंकलं, बिनवायरच्या कीबोर्डाचा रिसीव्हर ओळखला आणि तो एकदम हसला. इतका वेळ आपण घाबरलो होतो, याचंच त्याला हसू आलं.

"वहिनी, सिद्धारामचा तो बिनवायरचा कीबोर्ड कुठंय?"

"देवघरात. आई कुणाला हात लावू देत न्हाईत त्याला."

अशफाकचं लहानपण निम्मं या घरात गेलं होतं, पण त्या पडद्याच्या आत तो कधी गेला नव्हता. त्याने चपला काढल्या.

"काकू, आत जाऊ का?"

गंगासागर स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"जा," त्या म्हणाल्या.

सिद्धारामला जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून घरात दसरा झाला नव्हता. तोरण नाही, आपट्याची पानं नाहीत. पण खंडेनवमीला हत्यारांची पूजा चुकवायची कशी? अशफाकच्या गल्लीतले मेकॅनिकसुद्धा त्या दिवशी पान्यांना हार घालतात. आईनेही लेकाचं हत्यार पुजलं होतं. कीबोर्डाला हळदकुंकू, वाळलेला झेंडू आणि मधोमध नारळ. नारळाच्या वजनाने एक बटण खोल दबून बसलं होतं.

अशफाकने नारळ उचलला.

"थांबलं!" बाहेरून रोहिणी ओरडली. मग तिची कीबोर्ड जोडायची धांदल, बटणांचा टकटकाट आणि पुन्हा आवाज, "उघडलं! अशफाकभाई, उघडलं!"

अशफाक नारळ घेऊन बाहेर आला. तो बघून विरुपाक्षकाका आधी चक्रावले, मग हसायला लागले आणि हसता हसताच उपरण्याने डोळे पुसू लागले. "नारळ व्हय! आन मी दुकान घालवत व्हतो." मसालेवाल्याला नको सांगायला त्यांनी लगेच फोन काढला.

गंगासागर तेवढ्या हसल्या नाहीत. स्क्रीनवर आता फॉर्मांच्या फायली दिसत होत्या. त्या तिकडे बघत होत्या, पण तिथे आता त्यांचं कुणी नव्हतं. अशफाकला त्यांचं फार वाईट वाटलं.

"मनाला लावून घेऊ नका, काकू. तुमच्याकडून चुकून झालं."

त्यांनी त्याच्या हातातून नारळ घेतला, क्षणभर पोटाशी धरला आणि रोहिणीच्या हातात दिला.

"दाराच्या दगडावर फोड," त्या म्हणाल्या. "दुकान तुझं हाय."

मग त्या अशफाककडे वळल्या.

"चुकून पहिल्यांदा ठिवला व्हता, बाबा. दुसऱ्या दिशी दिवा लावताना उचलला, तर हितं टिंबं थांबली. मग मीच परत ठिवला."