तहहयात अध्यक्ष

"बाप काय दर दोन वर्षांनी बदलतो का कुणी?" पारखेंनी बागेत जमलेल्या हास्य क्लबला विचारलं. "असली थेरं आपल्या संस्कृतीत बसत नाहीत. नानासाहेबांच्या अध्यक्षपदाच्या दोन मुदती संपल्या, म्हणून त्यांना घरी बसवायचं? त्यापेक्षा ती दोन मुदतींची अटच काढून टाकू. मान्य असेल त्यांनी हात वर करावेत."

नानासाहेब ढमाले तोंडाने "नको, नको" म्हणत हारासाठी मान पुढे करून उभे होते. खांबेटे बाईंना शिसारी आली. ती अट त्यांनीच भांडून घालून घेतली होती. जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवल्यावर निदान एका बागेपुरती तरी लोकशाही टिकावी, एवढीच त्यांची हाव.

पण एकही हात वर गेला नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. बाईंना चक्क भरून आलं.

"राहू द्या हो, पारखे," नानासाहेब मायेने म्हणाले. "आधी व्यायाम. चला, गगनभेदी हास्य! दोन्ही हात वर, नजर आभाळाकडे... हा हा हा!"

सवयीने अख्ख्या क्लबचे हात वर गेले. पारखेंनी झटकन मोबाईलवर फोटो काढला.

"ठराव एकमताने मंजूर!" म्हणत त्यांनी नानासाहेबांच्या गळ्यात हार घातला.

"हा शुद्ध भामटेपणा आहे!" बाई किंचाळल्या. "माझा विरोध आहे!"

गळ्यातला हार सारखा करत नानासाहेब त्यांच्याकडे वळले.

"असू दे की, बाई. पण मग हात तरी खाली घ्या."