देवीचा निरोप

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरात दर मंगळवारी शकुबाईच्या अंगात देवी यायची. देवी काय बोलली ते शकुबाईला नंतर आठवत नसे, ते शेजारची नलू सांगायची. त्या मंगळवारी दोघीच होत्या. उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेल्या शकुबाईच्या तोंडून देवी गरजली, "केवलरामले आज भट्टीवर धाडू नका. वापस येनार नाही तो!"

केवलरामला अडवायला नलू उठली. मग तिला आठवलं, केवलरामनं सुट्टी मारली की त्याच्या जागी तिच्याच नवऱ्याला जावं लागतं.

शकुबाईनं डोळे उघडले. "का म्हणाली वं देवी?"

"सगळं बेस हाय म्हणे."

शकुबाईचे हात अजून थरथरत होते, म्हणून केवलरामचा डबा नलूनंच भरून दिला.