पाहुण्याची जागा

"अजून घरं बघायचीत?" सरपंच मा पानसुलने विचारलं.

"सगळी बघायचीत," प्यो साहेब म्हणाले आणि त्यांनी बर्फात रुतलेला बूट उपसून काढला.

प्यो साहेब तालुका कचेरीचे तपासनीस. सोलगोल गावाने यंदाच्या हिवाळ्यात घरगुती विजेचा वापर निम्म्यावर आणला, असा कागद त्यांच्या टेबलावर येऊन पडला होता. एक तृतीयांश वापर कमी करणाऱ्या गावाला त्याच्या सामायिक बैठकघराच्या छपरावर सौर पॅनेल मिळणार होते. तालुक्यात एकच संच उरला होता. तो यंदा हुकला तर पुढचा कधी, कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि निम्म्याचा आकडा कचेरीत कुणाच्या पचनी पडत नव्हता.

खोटं कशाला सांगू, सोलगोलची थंडी तशीच आहे. फेब्रुवारीत तिथली कुत्रीसुद्धा भुंकण्याआधी विचार करतात. तोंड उघडलं की ऊब जाते. असल्या थंडीत वीज निम्मी?

गावात अकरा घरं, अकरा आज्या. पोरं शहरात, नवरे डोंगरावर कबरीत. साहेबांनी एकेक घर उघडून पाहिलं. दिवे बंद. फ्रीजची वायर काढलेली, कोबीची आंबवलेली किमची अंगणातल्या रांजणात. अंथरुणं घडी घालून ठेवलेली. मीटरची चकती झोपी गेल्यासारखी.

"या बायका राहतात कुठं?" साहेबांनी विचारलं.

"इथंच की. झोपायला येतात."

"आणि दिवसभर?"

पानसुलने मान खाजवली. "बैठकघरात असतात. सगळ्या मिळून."

साहेब थांबले. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बैठकघराची वीज या हिशेबात धरली जात नव्हती. घरची जमीन थंड ठेवायची आणि बैठकघराच्या जमिनीखालच्या, ऊब देणाऱ्या विजेच्या तारा दिवसभर तापवत बसायचं! अट क्रमांक चार त्यासाठीच होती: वापर नुसता दुसऱ्या जागी हलवला असेल, तर अर्ज रद्द.

"चला, बैठकघर बघू," साहेब म्हणाले.

पानसुल पुढे धावला. "पाहुणे आले गं!" त्याने बाहेरूनच आरोळी ठोकली. आत धांदल उडाली.

साहेब बूट काढून आत आले, तर अकराही आज्या एका कोपऱ्यात, एकाच गोधडीखाली, खेटून बसलेल्या. उंबऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बसायच्या गाद्या ओळीने अंथरलेल्या.

"गाद्यांवरनंच या हं, साहेब," बोंग्ये आजी म्हणाली. "जमीन आत्ताच पुसलीय."

कोपऱ्यातून दलनाम आजी उठली. वय एक्याण्णव. दोघींनी तिच्या काखेत हात घालून तिला बाजूला सरकवलं. "इथं बस, पोरा. ही पाहुण्याची जागा."

साहेब बसले. जागा अशी गरम, की जणू खाली कुणी रताळी भाजत होतं. पाय, कंबर, पाठ, सगळं सैलावलं.

"छान तापलीय," साहेब म्हणाले.

"तापणारच," एकीने म्हटलं आणि गोधडीखालून खुदखुद ऐकू आली. पानसुलने डोळे वटारले.

"एवढ्या चिकटून का बसता, आजी?"

"ही साम्वल पत्त्यांत लबाडी करते," बोंग्ये आजी म्हणाली. "लांबून दिसत नाही."

"मी? आणि तू कालपासनं बाहीत काय लपवलंयस, ते दाखव की साहेबांना!"

हशा पिकला. बाहेर चुलीवर उकळलेला जवाचा चहा आला. साहेबांनी तो घोट घोट प्यायला. या बायका त्यांना आवडल्या होत्या. म्हणूनच पेन काढताना हात जड झाला. पण माणूस सरळ. पाठीमागे लिहिणं त्यांना जमत नसे. लिहिता लिहिता त्यांनी मोठ्याने वाचलं, "बैठकघराची जमीन तापलेली आढळली. अट क्रमांक चार. अर्ज नामंजूर."

साम्वल आजीने हातातले पत्ते उपडे ठेवले.

"साहेब, अहो, तसं नाहीये ते..." पानसुल पुढे झाला.

"गप रे, पानसुल," दलनाम आजी म्हणाली.

"आजी, आता तरी बोलू द्या की! पॅनेल चाललं हातचं!"

"पाहुणा बसलाय ना तिथं? मग गप. पाहुण्यापुढं रडगाणं गायची पद्धत नाही आपली."

म्हणजे काहीतरी लपवताहेत, हे साहेबांना पक्कं कळलं. "तारांचा खटका कुठाय?" त्यांनी विचारलं.

अकराजणींच्या नजरा एकदम भिंतीवरच्या जाड कोटाकडे गेल्या. साहेब उठले आणि गाद्यांची ओळ सोडून सरळ भिंतीकडे निघाले.

दुसऱ्याच पावलाला त्यांनी "आई गं!" म्हणून पाय वर उचलला. मोज्यातूनही जमीन बर्फासारखी चावली होती.

एका पायावर उड्या मारत त्यांनी कोट बाजूला सारला. मागे खटक्याची पेटी होती. नुसता सांगाडा. आतल्या तारांची टोकं चिकटपट्टीने गुंडाळलेली आणि मधल्या पोकळीत कुणीतरी चष्मा ठेवलेला.

"जमिनीखालच्या तारा उंदरांनी खाल्ल्या," पानसुल खाली बघत म्हणाला. "तिसरा हिवाळा हा. पॅनेलबरोबर नव्या तारा मिळतात असं ऐकलं, म्हणून तर..."

साहेब एकदा पेटीकडे, एकदा कोपऱ्याकडे बघत राहिले. "मग मी बसलो होतो, ती जागा?"

"ये, ये, बस लवकर, निवतेय ती," दलनाम आजी म्हणाली. "तू येणार म्हणून सकाळपासनं आळीपाळीनं बसून तापवलीय आम्ही."