डब्बे

सखूबाईनं मधलं बोट दुमडलं आणि मिसाईलवर दोनदा ठोकलं. मग कान लावला.

"आई, हात नको लावू. पाटी आहे तिथं."

पाटीकडं सखूबाईनं पाहिलं नाही. चष्मा अल्लीपूरला घरीच राहिला होता, आणि पाटी जागृतीनं नुकतीच वाचून दाखवली होती. नाव, लांबी, वजन, पल्ला, आणि खाली ‘हात लावू नये’. वर्गात हजेरी घ्यावी तसा तिचा आवाज निघाला होता. बाबा गेल्यापासून तो तसाच निघत होता.

दुपारची वेळ, फाटकावरचा चौकीदार सोडला तर बागेत दुसरं कुणी नव्हतं. मधोमध सिमेंटच्या खांबावर एक जुनं लढाऊ विमान नाक वर करून बसवलेलं. कुंपणाकडेला लोखंडी घोडीवर हे तिरपं मिसाईल. विमानाच्या पंखाची सावली गवतावर पडली होती, तिथं सखूबाईनं पिशवी ठेवली होती. बाबांच्या उद्याच्या जलदान विधीचं सामान होतं त्यात. पांढरं कापड, अगरबत्त्या, मेणबत्त्या. उन्हात मेणबत्त्या वाकतात.

बाजार करून दोघी ऑटोनं स्टँडकडं निघाल्या होत्या. कुंपणापलीकडं विमान दिसलं आणि सखूबाईनं ऑटो थांबवायला लावला. त्याईच्या डेपोतलं सामान असन इथं, एवढंच म्हणाली.

उद्या घरातर्फे जागृतीनं बोलायचं होतं. ताई कॉलेजात शिकवते, तिला बोलता येतं, असं धाकट्या भावानं, अश्वजितनं, परस्पर ठरवून टाकलं होतं. सकाळपासून तिच्याकडं एकच वाक्य होतं. बाबांनी जन्मभर दारूगोळ्याच्या डेपोत काम केलं. त्याच्यापुढं काही येत नव्हतं. कसलं काम, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. सखूबाईच्या नवऱ्याला, लहानूला, विचारलं की तो म्हणायचा, डब्बे उचलतो. शेजाऱ्यांना तेच, सासुरवाडीला तेच, बायकोलाही तेच. तेलाचे का तुपाचे, म्हणून कुणी खेचलं तर म्हणायचा, ज्याचे असतील त्याचे. आणि पुढचा घास घ्यायचा.

आत आल्यावर सखूबाईनं विचारलं होतं, यातलं त्याईनं उचललेलं कोणतं? माहीत नाही म्हणता आलं असतं. जागृतीनं जे जवळ होतं त्याकडं बोट केलं.

आता सखूबाई शेपटाकडून ठोकत पुढं सरकत होती. घरी गव्हाची पत्र्याची कोठी ती अशीच ठोकायची. आवाज जिथं भद्द होईल, तिथपर्यंत गहू. इथं आवाज कुठंच बदलला नाही.

"रिकामं हाये व हे."

"आतलं सगळं काढून घेतात, आई. मग इथं आणून ठेवतात."

"म्हणजे डब्बाच."

जागृती पाटीवरचं वजन पुन्हा वाचू लागली.

"मले वाटे, लपवून राह्यले मायापासून. एक डाव याच्याच पायी भांडली मी. बायकोले सांगाले काय जाते, म्हटलं. तं म्हणे, सांगतलं ना, डब्बे." सखूबाईनं पदरानं पत्र्यावरची धूळ पुसली. ठोकलं होतं तेवढ्याच जागेवरची. "खरंच बोलत होता माणूस."

यावर हसू यायला हवं होतं, नाहीतर रडू. जागृतीनं थोडा वेळ वाट पाहिली. मिसाईलला दरवर्षी नवा रंग देत असावेत. रंगावर रंग चढून स्क्रूंच्या खाचा भरून गेल्या होत्या. आता काढायचे म्हटले तरी ते निघाले नसते.

"वरच्या अंगाले ठोकून पाह्य," सखूबाई म्हणाली. "माया हात नाई पुरत. तिकडं असन काही."

"काही नसतं, आई."

"पाह्य तं खरी."

फाटकाजवळ चौकीदार खुर्चीत मोबाईल पाहत होता. जागृतीनं चपला काढल्या. का काढल्या ते तिला सांगता आलं नसतं. घोडीच्या आडव्या पट्टीवर पाय देऊन ती चढली आणि तोल जाऊ नये म्हणून तिनं तळहात पत्र्यावर टेकला. पत्रा उन्हानं तापला होता. तिनं हात काढला नाही.

दुसऱ्या हातानं ठोकलं. तोच आवाज. अजून वर ठोकलं. तोच. पार टोकाशी ठोकलं, आणि मग त्याच जागी पुन्हा एकदा.

"ओ मॅडम," चौकीदार येत येत म्हणाला. गळ्यात शिट्टी होती, ती त्यानं वाजवली नाही. "उतरा खाली. काय पाहून राह्यले तिथं?"

जागृतीनं तोंड उघडलं. हजेरीचा आवाजसुद्धा आला नाही.

"किती उरलं ते पाहून राह्यलो, भाऊ," सखूबाई म्हणाली.

चौकीदारानं मिसाईलकडं पाहिलं, मग तिच्या पांढऱ्या लुगड्याकडं. "त्याच्यात काही नाई राहत, मावशी."

"मालूम हाये," सखूबाई म्हणाली, आणि पिशवीवरची सावली सरकली होती म्हणून पिशवी उचलायला गेली.

वर जागृतीनं पत्र्याला कान लावला होता.