अजेयचं मॅन्युअल

“ही ओळ बघ, पुन्हा आत सरकलीय,” नीलकंठराव पडद्यावर बोट टेकवून म्हणाले. “बाकीच्या सगळ्या शहाण्यासारख्या उभ्या, हीच मेली वाकडी.”

देवश्रीने ओळीच्या आधीची मोकळी जागा पुसली. ओळ रांगेत आली.

“आता कसं!”

देवासच्या नोटांच्या छापखान्यात नीलकंठरावांचा जन्म गेला होता. छापील कागदावरची केसाएवढी चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्तीनंतर त्या नजरेला काही कामच उरलं नव्हतं, त्यामुळे ते भिंतीवरच्या कॅलेंडरातले दोष काढत बसायचे. आता मात्र खरं काम मिळालं होतं. अजेयचं मॅन्युअल साफ करायचं.

अजेय त्यांचा धाकटा. त्याने आणि त्याचा मित्र सार्थकने मिळून संगणकासाठी एक विंडो मॅनेजर तयार केला होता. पडद्यावर उघडलेल्या खिडक्यांपैकी कोणती पुढे येणार, कोणती मागे जाणार, कुठे बसणार, हे सगळं सांभाळणारा प्रोग्राम. तो कुणीही फुकट घ्यावा आणि वापरावा. ‘फुकट’ हा शब्द ऐकला आणि नीलकंठरावांचं डोकं फिरलं. लागलेली नोकरी सोडून पोरगा हे धंदे करतो म्हणून त्यांनी त्याला नको नको ते सुनावलं. अजेयने बॅग उचलली आणि धारला मोठ्या बहिणीकडे, देवश्रीकडे राहायला गेला. ती तिथे शाळेत इंग्रजी शिकवायची.

त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मग गेल्या पावसाळ्यात मांडूहून उतरताना अजेयची मोटरसायकल घसरली, आणि बोलायचं राहूनच गेलं.

आता सार्थक प्रोग्रामची नवी आवृत्ती काढत होता. तो कसा वापरायचा हे सांगणाऱ्या मॅन्युअलची मात्र एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना पार रया गेली होती. रकाने एकमेकांत घुसले होते, परिच्छेद तुटले होते, अर्धं पान उगाचच ठळक झालं होतं.

“साफ नाही झालं तर काढून टाकावं लागेल, काका,” सार्थकने सांगितलं होतं. “मी एक छोटंसं नवीन लिहून देईन.”

“नको रे,” नीलकंठराव म्हणाले होते. “मला वाचता येईल असं त्याचं तेवढंच तर उरलंय.”

म्हणून देवश्री दर रविवारी धारहून बस धरून देवासला यायची. नियम सोपे होते. दाबायची कळ ठळक अक्षरांत, वापरणाऱ्याने स्वतः भरायचा शब्द तिरप्या अक्षरांत. बाबा चूक दाखवायचे, ती दुरुस्त करायची. कधी कधी त्यांचं बोट पोचायच्या आतच तिचा हात तिथे पोचलेला असे.

“तुला बरं आधीच कळतं?”

“माझ्या समोरच तर बसायचा तो,” ती म्हणायची.

एका रविवारी ती सहज म्हणाली, “हे वाक्य फार लांबलंय. तोडते.”

“खबरदार!” नीलकंठराव एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. “आपण जागा साफ करायच्या. शब्दाला हात लावायचा नाही. त्याने लिहिलेलं तू सुधारणार?”

देवश्रीने हात मागे घेतला. “बरं.”

थोड्या वेळाने त्यांचा आवाज खाली आला. पुढच्या परिच्छेदावर ते अडकले होते. इंग्रजी वाक्यांचा मराठीत अर्थ लावत ते हळूहळू वाचू लागले.

“खिडकी दिसेनाशी झाली तर घाबरू नका. ती बंद झालेली नाही, दुसरीच्या मागे गेली आहे. ही कळ दाबा. पहिल्यांदा चुकेल. सगळ्यांचंच चुकतं.”

त्यांनी चष्मा काढला. “बघ कसा हाताला धरून नेतोय अनोळखी माणसाला. घरात धड दोन शब्द बोलत नसे. मला वाटायचं, पोरगा नुसता दगड आहे. हा एवढा मायाळू होता, आणि मला पत्ताच नाही गं.”

ते रडत होते. अजेय गेला तेव्हाही ते असे रडले नव्हते.

“तुम्हा दोघांत हळवा तोच,” डोळे पुसत ते म्हणाले. “तू आपली कोरडी.”

“चहा टाकते,” म्हणून देवश्री उठली. चहाला त्या दिवशी फार वेळ लागला.

होळीच्या आधी काम संपलं. अगदी शेवटी लेखकाच्या नावाचा मथळा होता, पण त्याखाली काहीच नव्हतं.

“वेंधळा कुठला! नाव घालायचंसुद्धा भान नाही,” नीलकंठराव कौतुकाने म्हणाले. “तू घाल. अजेय नीलकंठ सबनीस.”

देवश्रीने कर्सर मथळ्याखाली नेला. मग तिने नाव टाइप केलं.

“ठळक कर.”

तिने ठळक केलं.

संध्याकाळी सार्थक फाइल न्यायला आला. मॅन्युअल वरपासून खालपर्यंत बघून तो खूश झाला. “एकदम झकास, काका! आता कोणाची हिंमत नाही हे काढायची.”

“जगभर जाईल ना रे?”

“हो काका, जिथे प्रोग्राम, तिथे हे.”

“शेवटचं पान बघ. नाव राहिलं होतं त्याचं, ते आम्ही घातलं,” नीलकंठराव म्हणाले. अजेय गेल्यानंतर प्रथमच त्यांची पाठ ताठ दिसत होती. “थांब, तुझ्या आईसाठी शेव बांधून देतो.” ते आत गेले.

सार्थकने शेवटचं पान पाहिलं. मग देवश्रीकडे पाहिलं.

“ताई, हे काय?” तो हळूच म्हणाला. “अजेयने तर ह्यातली एक ओळ नाही लिहिली. तो तर सगळ्यांना सांगायचा, ‘भिया, प्रोग्राम अपना, पण मॅन्युअल पूरा ताईने लिहिलंय.’ मी तुमचं नाव टाकतो.”

आतून डबा उघडल्याचा आवाज आला. नीलकंठराव काहीतरी गुणगुणत होते.

“राहू दे,” देवश्री म्हणाली. “बाबांना अजेय आत्ता कुठे भेटलाय.”