गुरुवारी बंद

नळातला थेंब उपड्या वाटीवर टप्पकन पडला आणि दुपारचं निजलेलं घर दचकलं. तिने उठून नळ आवळला. गादीवर पाच वर्षांची ठमी गाढ झोपली होती, तोंड उघडं, प्लॅस्टर नुकतंच निघालेला पाय उशीवर. तिने पांघरूण सारखं केलं आणि लॅपटॉप पुढे ओढला. ठमी उठायच्या आत जेवढं होईल तेवढं.

समोर नवीची यादी होती.

वर्तमानपत्राच्या कचेरीत ती ग्रंथपाल. सगळे तिला ‘किल्ली’ म्हणत. बातमीदारांचं घोडं कुठेही अडलं की किल्लीकडे धाव. ठमीच्या पायाच्या ऑपरेशनसाठी तिने आठ महिन्यांची रजा घेतली आणि तिच्या खुर्चीत, तात्पुरती म्हणून, नवी येऊन बसली. आता रजा संपत आली होती. जागा एकच होती आणि दोघींपैकी कोण, ते संपादक आज संध्याकाळी ठरवणार होते.

नवरा त्याच कचेरीत बातमीदार. जगाला प्रश्न विचारून पोट भरणारा, पण घरात काय बोलू नये एवढं त्याला कळत नसे.

“अगं, नवीने काय यादी केलीय!” तो काल जेवताना म्हणाला होता. “कंपनीचा खरा मालक कोण, फोटो आधी कुठे छापून आला होता, कुणी पुसून टाकलेलं पान कुठे मिळेल, सगळे पत्ते एका जागी. दोन मिनिटांत काम.”

“मी द्यायचे तेव्हा किती मिनिटं लागायची?”

“तूपण चांगलंच द्यायचीस की.”

“तू*पण*?”

त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

नवीचं हस्ताक्षर सुंदर होतं म्हणे. नवी कुणावर ओरडत नाही म्हणे. किल्लीच्या टेबलावरच्या कुंडीला नवी पाणी घालते म्हणे. आणि ती मेली कुंडी, इतकी वर्षं नुसती हिरवी राहिलेली, हिला फुलली!

ती यादी वाचत गेली. वाचता वाचता ओळखीचं वाटू लागलं. कोर्टाचे निकाल, जुन्या अंकांचे संग्रह, उपग्रहाचे नकाशे. क्रमही तोच. तेविसाव्या नोंदीपाशी तिचं बोट थांबलं. जुन्या कागदपत्रांचा एक संग्रह, आणि पुढे शेरा: ‘गुरुवारी बंद’.

इंटरनेटवरची जागा, आणि म्हणे गुरुवारी बंद!

ती चूक तिची स्वतःची होती. सहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात संपादकांनी यादी मागितली. पोटात ठमी, दर तासाला उलटी. चाळीस पानं एकदम उघडी ठेवून तिने दोन दिवसांत यादी उभी केली. कुठून काय घेतलं ते कुणी विचारलं नाही, तिनेही टिपून ठेवलं नाही. कचेरी थक्क झाली आणि ती किल्ली झाली. पुढे कधीतरी हा शेरा तिला दिसला, तेव्हा ती एकटीच हसली. डोहाळ्यांतली चूक, राहू दे, म्हणाली. ठमीच्या पहिल्या झबल्यासारखी ती तिने जपली होती.

आणि आता ती नवीच्या अंगावर होती.

शिकाऊ पोरांना ती नेहमी सांगे, “बरोबर गोष्ट दोघांकडे सारखी असू शकते. चूक सारखी निघाली, तर एकाने दुसऱ्याची वही पाहिलीय.”

तिने दोन्ही याद्या संपादकांना पाठवल्या. पाचच मिनिटांत फोन वाजला.

“किल्लीबाई, हे फार झालं,” संपादक म्हणाले. “चोरलेली यादी मी खपवून घेणार नाही. तुमची सहा वर्षांपूर्वीची ना?”

“कपाटातल्या फाइलवर तारीख आहे, साहेब.”

“मग जिची नंतरची, ती घरी जाईल. दोघी पाच वाजता या, सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावतो. तिची तारीख तेवढी शोधून आणा.”

आवाजाने ठमी उठली आणि लंगडत येऊन मांडीवर चढली. केसांना झोपेचा ऊबदार वास.

“काय शोधतेस?”

“चोर.”

“कुणाचं काय चोरलंन्?”

“तुझ्या आईचं.”

“मग मी पण शोधते,” म्हणून ठमीने डोळे मोठे केले.

यादीच्या तळाशी नवीने, नियमाप्रमाणे, स्रोत दिला होता: ती आधी नोकरीला होती त्या लहानशा ग्रंथालयाचं इंटरनेटवरचं पान. म्हणे स्वतःचंच पान! ‘मागच्या महिन्यात सुधारून आटोपशीर केलं’ असं त्यावर होतं. म्हणजे मागच्याच महिन्यात माझं उचलून तिथे डकवून घेतलंन्, ती पुटपुटली. पण असली सारवासारव किल्लीपुढे चालत नसते. पानांच्या जुन्या प्रती तारखेनिशी जपणारी जागा तिने उघडली आणि पत्ता टाकला. कॅलेंडर आलं. प्रत्येक जपलेल्या प्रतीला एक निळा ठिपका.

ठिपके मागे मागे जात होते. गेलं वर्ष. त्याच्या आधीचं. ती सरकवत राहिली.

“किती टिकल्या!” ठमी म्हणाली.

पहिला ठिपका आठ वर्षांपूर्वीचा होता. तिने तो दाबला.

तीच यादी, तोच क्रम. खाली नवीचं नाव. तेविसाव्या नोंदीपुढे लिहिलं होतं: ‘इथे शोधताना अडलात तर आमच्या वाचनकक्षात या, मी शेजारी बसून दाखवीन. वाचनकक्ष गुरुवारी बंद.’

फोनवर संपादकांचा निरोप चमकला. ‘तारीख मिळाली?’

ठमीने दोन्ही हातांनी तिची हनुवटी आपल्याकडे वळवली.

“आई, सापडला का गं चोर?”