पत्ता तोच

"चेअरमनसाब, चोर तुम्ही हाव. बाईचं नाव फळ्यावर लिवायच्या आधी तिचं दूध तरी बगायचं एकडाव."

बेगमबी हे दूध केंद्राच्या दारात उभी राहून बोलली. सगळ्या रांगेसमोर. तिची किटली नुकतीच परत केली होती. चिठ्ठीवर आलं होतं, पाणी अठरा टक्के. आठवड्यात तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा म्हणजे कार्ड कायमचं बंद आणि फळ्यावर नाव. ते चेअरमननं खडूनं लिहूनही टाकलं होतं. मग गावात तिचं दूध कुणी चहालाही घेणार नव्हतं.

"हिची म्हैस तळ्यातच बांधतात वाटतं," रांगेतून कुणीतरी म्हणालं. रांग हसली.

"हस बाबा, हस. तुझी म्हैस काय दुधाची आंघोळ करती?" बेगमबी म्हणाली. मग तिनं किटली उचलून चेअरमनच्या टेबलावर ठेवली. "ही तुमच्या नजरंसमोर ऱ्हाऊ द्या. रांग संपली की हेच दूध परत मोजा. एकटीचं. मंग नाव ठिवायचं का पुसायचं ते ठरवा."

चेअरमननं संगमेशकडं बघितलं. संगमेश केंद्राचा संगणकवाला. कॉलेज अर्धं सोडलेलं, मोबाईलवर व्हिडिओ बघून कोडिंग शिकलेला. दूध तपासायची मशीन कंपनीची, पण मशीन आणि चिठ्ठी यांना जोडणारा कोड त्याचा. गाव त्याला इंजिनिअर म्हणायचं. त्यानंही कधी नाही म्हटलं नव्हतं.

"चाची, मशीन खोटं बोलत नसती," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं सोमवारी म्हटलं होतं. बुधवारीही.

रांग संपली. तमाशा बघायला सगळे थांबलेच. संगमेशनं टेबलावरच्या किटलीतून नमुना घेतला, मशीनला लावला. चिठ्ठी आली. पाणी शून्य.

कुणी हसलं नाही. संगमेशनं पुन्हा लावला. शून्य.

तेच दूध, तीच मशीन. मग बदललं काय? रांग. मघाशी मागं माणसं होती, आता नव्हती.

त्याला एका क्षणात सगळं दिसलं. मशीनच्या आतला कंपनीचा कोड तयार, बंद डब्यासारखा. वर चिठ्ठी छापणारी संगमेशची स्क्रिप्ट, पायथन भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम. आतला कोड आकडा हातात देत नाही. आकडा ज्या खणात ठेवला, त्या खणाचा पत्ता देतो. खण त्या आतल्या कोडच्या मालकीचा. पुढचा नमुना आला की तो जुना आकडा पुसून तिथंच नवा लिहितो. म्हणून पत्ता घेणाऱ्यानं आकड्याची आपली प्रत लगेच काढून घ्यायची असते. कंपनीच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं होतं. संगमेशनं ते वाचलं नव्हतं. त्याची स्क्रिप्ट नुसता पत्ता धरून बसायची. आधी नोंद नेटवरून रेणापूरच्या मुख्य ऑफिसला जायची, मग चिठ्ठी निघायची. रांग अडू नये म्हणून तेवढ्यात पुढचा नमुना लावायची सोयही त्यानंच केली होती. सकाळी गर्दी, नेट हळू. चिठ्ठी छापेपर्यंत खणात मागच्या माणसाचा आकडा आलेला असायचा. पत्ता तोच, घरात माणूस दुसरा. आणि चिठ्ठीवर नाव बेगमबीचं.

केंद्रात दूध घालणाऱ्या नागाबाईनं हे महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. "लेकरा, माज्या गाईच्या दुधाला म्हशीची चिठ्ठी येतीय. गर्दी आसली की मागल्याची येतीय बग." तो हसला होता. अंगठा उठवणारी बाई त्याला कोड शिकवत होती.

चेअरमन जवळ वाकला. हळू बोलला. "मशीन धुवायची ऱ्हायली होती म्हण. तुजीबी इज्जत ऱ्हाईल, केंद्राचीबी. तिचं नाव पुसून टाकू."

किती सोपं होतं. संगमेशनं मान हलवलीही असती. पण बेगमबी त्याच्याकडंच बघत होती. रागानं नाही. लहानपणी त्याला ताप आला की उशाशी बसून ज्या नजरेनं बघायची, तशी.

"मशीन चांगली हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "चूक माजी हाय. चाचीच्या चिठ्ठीवर मागल्या माणसाचा आकडा येत होता. मी तिला तीनदा खोटं पाडलं. चाची, मला..."

बेगमबीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "माफी ऱ्हाऊ दे बेटा. आधी फळा पूस."

त्यानं हातानंच फळा पुसला. खडू तळव्याला लागला.

"आन मंग अठरा टक्के कुणाचं?" चेअरमन ओरडला. आता त्यालाही चोर पाहिजेच होता.

संगमेशनं नोंदी उघडल्या. सोमवारी बेगमबी रांगेत पाचवी. बुधवारी अकरावी. आज दुसरी. तिचा नंबर रोज वेगळा, पण तिन्ही दिवस तिच्या मागचं कार्ड एकच. बेचाळीस.

बेचाळीस कुणाचं हे त्याला यादीत बघावं लागलं नाही.

महिन्यापूर्वी नागाबाईची ती गंमत त्यानं त्याच दिवशी घरी जेवताना सांगितली होती. आई पोट धरून हसली होती. वडील हसले नव्हते. घास हातात धरून म्हणाले होते, "परत एकदा सांग."

"अरं कुणाचं हाय? बोल की," चेअरमन म्हणाला.

संगमेश उठला. माणसं बाजूला झाली. भिंतीपाशी त्याचे वडील विरूपाक्षअप्पा रिकामी किटली घेऊन उभे होते.

"अप्पा, पाणी कामून घातलं ते मी इचारत न्हाई," संगमेश म्हणाला. "एवढी मोठी रांग होती. तिन्ही दिवस तुम्ही हुडकून हुडकून बेगमचाचीच्याच मागं कामून थांबलाव? सांगा."